बॅगेची चेन

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय मला लिहून मिळालाय तो असा : परक्या देशात मूल दत्तक घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस, आणि त्या दिवसांत जुळणारं नातं. मी कागदावर चार मुद्दे काढून आणलेत. कागदपत्रं, खाणं, झोप आणि आईबापांचं मन. चारही सांगायचा मनोदय आहे. पण माझा फार भरवसा धरू नका. मध्ये एक बॅग येणार आहे, आणि ती बॅग आली की मी घड्याळाकडे बघत नाही, हे इथल्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे.

कुठला देश, ते मी सांगणार नाही. लपवायचं म्हणून नाही. आमची लेक कुठून आली, तिच्या आधीच्या घरात काय घडलं, ती संस्थेत कशी पोचली, ही तिची गोष्ट आहे. तिला सांगावीशी वाटली तर ती सांगेल, नाही तर नाही. लोक ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला विचारतात, "खरे आईवडील कोण होते हो?" मी म्हणतो, खोटे तुमच्यासमोर बसलेत. तेव्हा आज माझ्या वाट्याचं तेवढं सांगतो. हॉटेलच्या एका खोलीतले अकरा दिवस.

पहिला मुद्दा कागदपत्रांचा, तो उरकून टाकतो. आंतरदेशीय दत्तकासाठी १९९३ साली हेग इथे एक करार झाला. मुलांची खरेदी-विक्री होऊ नये, मुलासाठी आधी त्याच्याच देशात घर शोधावं, आणि ते मिळत नसेल तर दोन्ही देशांच्या सरकारी यंत्रणांनी संमती द्यावी, असा त्याचा गाभा आहे. म्हणून वेळ लागतो. मूल हातात आल्यावरही पासपोर्ट, व्हिसा, शिक्के, यासाठी तिथेच थांबावं लागतं. आम्ही तेव्हा त्या थांबण्याला शिव्या घातल्या. आज त्या दिवसांचा एकेक तास मला पाठ आहे.

लेक तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची होती. संस्थेतल्या एका बाईंनी तिला आणून माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवलं. मग वाकून तिच्या स्वेटरची बटणं लावली. लावलेली पुन्हा काढली, आणि पुन्हा लावली. तीन वेळा. त्यांना हात काढून घ्यायचे नव्हते, एवढंच. आणि पोरगी? पोरगी रडली नाही. गाडीत रडली नाही, लिफ्टमध्ये रडली नाही, खोलीत पलंगावर ठेवली तिथे ठेवल्यासारखी बसून राहिली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काय म्हणालो असू? "किती शहाणी आहे!"

श्रोतेहो, ही आमची पहिली चूक. शांत म्हणजे खुशीत नव्हे. पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर पान मागे उलटता येत नाही : शांत म्हणजे खुशीत नव्हे. १९५० च्या आसपास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांनी रुग्णालयात एकट्या राहणाऱ्या लहान मुलांचं निरीक्षण केलं होतं. आईवडिलांना फारसं भेटू देत नसत तो काळ. मूल आधी आकांत करी, मग मलूल होई, मग गप्प. आणि ते गप्प झालं की सगळ्यांना वाटे, चला, रुळलं. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी सांगितलं की ते रुळलेलं नाही, त्यानं आशा सोडली आहे. मी हे आधी वाचलेलं होतं बरं का. पेन्सिलीनं खुणा करून वाचलेलं. आणि तरी तोंडातून निघालं, शहाणी!

दुसरी गोष्ट अशी की ती बायकोच्या हातचं खायची, तिच्या मांडीवर बसायची, पण मी खोलीत हललो की दगड. नजर भिंतीकडे, मुठी आवळलेल्या. संस्थेत सगळ्या बायकाच होत्या. पुरुष यायचा तो एकच, डॉक्टर, सुई घेऊन. म्हणजे तिच्या लेखी मी कोण होतो ते कळलं तुम्हाला. असं फार घरांत होतं. मूल दोघांपैकी एकाला धरतं आणि दुसऱ्याला वाऱ्यालाही उभं करत नाही. बहुतेक वेळा आई नाकारली जाते की बाप, ते आधी मुलाला कोणी सांभाळलं त्यावर ठरतं. नाकारला गेलेला माणूस तोंडानं म्हणतो, "मला काही नाही वाटत." खोटं. फार वाटतं. मी तीन दिवस बाथरूमच्या दाराशी बसून जेवलो.

तेव्हा मी काय काय केलं नाही! खेळण्यातली माकडं नाचवली, तोंडं वेडीवाकडी केली, त्यांच्या भाषेतले वहीत लिहून नेलेले दहा शब्द म्हटले. "पाणी हवं का" असं मी विचारत होतो असा माझा समज होता. खोली झाडायला येणारी बाई ते ऐकून तोंडाला पदर लावावा तशी हातातला टॉवेल लावून हसली, तेव्हा मी वही मिटली.

आणि आता बॅग.

येताना आमच्या मोठ्या बॅगेची चेन बिघडली. रनर एका बाजूनं निसटला होता. हल्लीच्या बॅगा, चाकं चार-चार, आणि रनर असा की दोनदा ओढला की ढिला. माझ्या वडिलांची पत्र्याची ट्रंक अजून घरात आहे, तिच्या कडीला काय झालंय? असो. चौथ्या दिवशी दुपारी करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून मी जमिनीवर, दाराजवळ, तिच्याकडे पाठ करून बॅग पुढ्यात घेऊन बसलो. पक्कड नव्हती. नेलकटरच्या मागच्या बाजूनं रनर दाबायचा, दोन्हीकडचे दात त्यात घालायचे, ओढायचं. खर्र. अर्ध्यात आला की पुन्हा एक बाजू बाहेर. पुन्हा पहिल्यापासून. मी अगदी रंगून गेलो. पोरीला जिंकायचं वगैरे डोक्यातून पार गेलं.

तासाभरानं मागे पलंगाची चादर सरकल्याचा आवाज आला. मग पायांचा, थप. मी वळलो नाही. वळायचं नाही एवढी अक्कल त्या क्षणी कुठून आली, देव जाणे. आवाज थांबला. मी खर्र केलं. आणखी एक पाऊल. मी थांबलो की तीही थांबायची. बायको खुर्चीत बसली होती, तिनं हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, तशीच धरून राहिली. त्या दिवशी एवढंच झालं. माझ्यामागे हातभर अंतरावर ती दहा-पंधरा मिनिटं उकिडवी बसली, आणि परत गेली.

पाचव्या दिवशी मी पुन्हा बॅग काढली. चेन सुकी झाली की दातांवर साबण घासतात, तसा मी साबणाची कोरडी वडी घेऊन घासत होतो. वडी हातातून निसटली, घरंगळत मागे गेली. मी हात मागे नेला आणि तसाच उघडा ठेवला. मान वळवली नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, खांदा भरून आला. मग तळव्यावर वडी आली. ठेवली नाही, टाकली. बोट लागू न देता. पण आली.

आणि सहाव्या दिवशी, श्रोतेहो, मला तिसरा हात हवा होता. दोन हातांनी दोन्ही पट्ट्या ताणून धरल्या की रनर ओढायला कोणी उरत नाही, हे ज्यानं कधी चेन बसवली आहे त्याला माहीत आहे. मी पट्ट्या धरून बसलो होतो, आणि डावीकडून एक लहानसा हात आला. अंगठ्याजवळ जुन्या जखमेचा पांढरा व्रण, नखात साबण. त्या हातानं रनरची पट्टी धरली आणि ओढली. खर्र! आणि चेन लागली. पूर्ण, टोकापर्यंत, दोन दिवसांत पहिल्यांदा. तिनं उलट ओढली. उघडली. पुन्हा लावली. जेवायची वेळ झाली तरी चालूच. खर्र, खर्र, खर्र. शेजारच्या खोलीतल्यांनी भिंतीवर थाप मारली. मी म्हटलं, मार बाबा, आज काय हवं ते कर.

सातव्या दिवशी चेन ठणठणीत होती. मी रात्री उठून रनर मुद्दाम काढून ठेवला. हे बायकोला आजच कळतंय, रेडिओवरून.

एक मात्र खरं. त्या सगळ्या दिवसांत ती माझ्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही. तोंडाकडे बघ म्हणून मी एकदाही हनुवटीला हात लावला नाही. कोणी कितीही सांगो, नजरेला नजर मागून घेऊ नये.

इथे दुसरा मुद्दा, खाण्याचा. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिल्लांसाठी बनवलेल्या दोन खोट्या आया, तारेची आई आणि मऊ कापडाची आई. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लू पिण्यापुरतं तिच्याकडे जाई आणि बाकीचा वेळ कापडाला बिलगून राही. प्रयोग क्रूर होते, मला ते वाचवत नाहीत. पण म्हणून कोणी असं समजू नये की माणसाच्या लेकराचं पोट भरलं काय आणि नाही काय. संस्थेत वाढलेल्या पुष्कळ मुलांना ताट रिकामं होण्याची धास्ती असते. पावाचा तुकडा उशीखाली सापडला तर रागावू नका. आमच्याकडे बॅगेच्या कप्प्यात सापडले, चार. आम्ही ते तसेच राहू दिले. आणि सुरुवातीला भरवायचं, न्हाऊ घालायचं, उचलायचं, ते आईबापांनीच. पाहुण्यांनी नाही, हौशी मावशीनंही नाही. आठवणीत राहावं म्हणून पुन्हा : भरवणं, न्हाऊ घालणं, उचलून घेणं, आईबापांनीच. ज्याला डझनभर हात माहीत आहेत त्याला दोन माणसं वेगळी ओळखू येईपर्यंत हे करायचं.

संस्थेतून निघताना काय विचाराल? ती कुठल्या कुशीवर झोपते, दिवा लागतो का, अंगावर घ्यायचं फडकं कुठलं. ते फडकं मागून घ्या, आणि कृपा करून धुऊ नका. वास जातो. आमच्याकडे तो स्वेटर होता. हॉटेलच्या धुलाईत द्यायला निघालो होतो, बायकोनं ओढून घेतला.

आता आईबापांचं मन. तिसऱ्या रात्री पोरगी झोपल्यावर बायको बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसली आणि म्हणाली, "मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाहीये. ही कोणाची तरी मुलगी आहे आणि मी सांभाळायला बसले आहे." पाच वर्षं वाट पाहिलेली बाई. मी काही बोललो नाही, आणि ते बरं झालं, कारण मलाही तेच वाटत होतं. हे वाटतं. पुष्कळांना वाटतं. पहिल्या दिवशी माया उचंबळून आली पाहिजे असा कुठे कायदा नाही. पहिल्या भेटीचे व्हिडिओ फिरतात ना, डोळ्यांत पाणी, मागे व्हायोलिन, त्यांनी फार घोटाळा केलाय. रेडिओ बरा, चेहरा दिसत नाही. मराठीत आपण म्हणतो, पोरानं लळा लावला. मोठ्यांनी लावला असं क्वचित म्हणतो. ज्यानं हा शब्दप्रयोग पाडला त्याच्या घरी मूल असणार.

वयाचंही विचारतात लोक. रोमानियात, बुखारेस्टमध्ये, अनाथालयातल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. काहींना सांभाळणारी कुटुंबं मिळाली, काही संस्थेतच राहिली. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचं लळा लागण्याच्या बाबतीत जास्त चांगलं झालं. आमची त्या रेषेच्या चार महिने पलीकडची. हे मी त्या हॉटेलात रात्री अडीच वाजता फोनवर वाचत बसायचो. तुम्ही वाचू नका. म्हणजे वाचा, पण अडीच वाजता नको. ती सरासरी असते, आणि तुमच्या पलंगावर झोपलेली असते ती सरासरी नसते.

अकराव्या दिवशी विमानतळ. मोठी बॅग अर्थातच सामानात द्यायची. मी ती उचलून पट्ट्यावर ठेवली, चिठ्ठी लागली, बॅग हलली, आणि रबराच्या झालरीखालून आत गेली.

आणि पोरगी रडली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. रडली म्हणजे काय, अख्खी रांग वळून बघायला लागली. अंग ताठ, तोंड लाल, हात त्या झालरीकडे. काउंटरवरची मुलगी घाबरून बिस्किट शोधायला लागली. बायकोनं तिला खांद्यावर घेतलं, थोपटत होती आणि स्वतःही रडत होती. आणि तिच्या खांद्यावरून लेकीनं माझ्याकडे पाहिलं. हातांकडे नाही. सरळ तोंडाकडे, डोळ्यांत. असा राग! बॅग मी दिली होती, हे तिनं नीट पाहिलं होतं. विमानात बसेपर्यंत तिनं ती नजर काढली नाही, आणि मी जागेवरून हललोसुद्धा नाही, न जाणो, तिची नजर दुसरीकडे वळली तर.

काचेपलीकडून हात वर झालाय. झोपेचा मुद्दा राहिलाच. तशी त्या अकरा रात्री आमच्यात कोणी फारशी झोप घेतलीही नव्हती.

नमस्कार.