२७ मे : एका बैठकीचा दिवस

(दृश्य : पॅरिसमधली रु द्यु फूर. दुकानं, वर्दळ. ४८ नंबरच्या घरावरची स्मृतिशिला.)

युद्धातल्या माणसांची आठवण ठेवायची म्हटली की देश सहसा विजयाचा दिवस निवडतात, नाहीतर हौतात्म्याचा. फ्रान्सने आपल्या भूमिगत लढवय्यांसाठी निवडला २७ मे. त्या दिवशी ना गोळी सुटली, ना पूल उडाला. या घरात एक बैठक झाली, बस्स. आणि बैठकीला आलेल्यांपैकी निम्म्यांचं उरलेल्या निम्म्यांशी पटत नव्हतं.

साल १९४३. पॅरिस जर्मनांच्या टाचेखाली जाऊन तीन वर्षं होत आली होती. गुप्त गट देशभर होते. कुणी चोरून वर्तमानपत्रं छापत होतं, कुणी रेल्वेचे रूळ उखडत होतं, कुणी विमान पडलेल्या ब्रिटिश वैमानिकांना स्पेनच्या हद्दीपर्यंत पोचवत होतं. पण प्रत्येकाची चूल वेगळी. गटांच्या पुढाऱ्यांना जुने राजकीय पक्ष तर डोळ्यांसमोर नको होते; १९४० मध्ये देश बुडवला तो यांनीच, असा त्यांचा राग. या सगळ्यांना एका खोलीत बसवायचं काम ज्याँ मुलँ या माणसाने अंगावर घेतलं होतं.

(दृश्य : शार्त्र शहर. कॅथीड्रलचे दोन मनोरे.)

हे मुलँ मुळात सरकारी अधिकारी. शार्त्रचे प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखं पद. १७ जून १९४० रोजी जर्मन शहरात शिरले आणि मुलँ यांच्यासमोर सहीसाठी एक कागद ठेवला गेला. फ्रेंच सैन्यातल्या सेनेगाली, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या, शिपायांनी बायकामुलांची विटंबना करून त्यांना मारलं, असा मजकूर. पुरावा म्हणून प्रेतंही दाखवली. मुलँनी ती पाहिली. ती माणसं बॉम्बहल्ल्यात गेली होती हे उघड दिसत होतं. त्यांनी सही केली नाही. मग तासन् तास मार. रात्री त्यांना एका सेनेगाली कैद्याबरोबर कोंडलं, तेही टोमणा मारून. जमिनीवर काचेचे तुकडे पडले होते. उद्या पुन्हा मार बसला तर आपला हात सही करून जाईल, या भीतीने त्यांनी काचेने स्वतःचा गळा कापला. पहारेकऱ्याच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून वाचले.

त्यांचा हॅट आणि मफलर घातलेला एक फोटो फ्रान्समध्ये शाळकरी पोरंही ओळखतात. गळ्यावरचा व्रण झाकायला तो मफलर, असं अजून सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण इतिहासकार तो फोटो त्या रात्रीच्या आधीचा मानतात.

पुढे व्हिशी सरकारने, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारने, मुलँना नोकरीतून काढलं. लिस्बनमार्गे ते लंडनला, तिथून जर्मनांविरुद्ध लढा चालवणाऱ्या जनरल द गॉल यांच्याकडे पोचले आणि जानेवारी १९४२ च्या सुरुवातीला एका रात्री पॅराशूटने पुन्हा आपल्याच देशात उतरले. त्यानंतरचं जवळजवळ दीड वर्ष गेलं मनधरणीत. रुसवेफुगवे, मानपान, पैसे कुणाला किती मिळणार... चळवळीत काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

(दृश्य : पुन्हा रु द्यु फूर. जिना.)

अखेर २७ मे उजाडला. आठ गुप्त संघटना, सहा पक्ष, दोन कामगार महासंघ यांचे सोळा प्रतिनिधी, स्वतः मुलँ आणि त्यांचे दोन सहायक. गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, त्या दिवशी नुसता पत्ता मिळाला असता तर अख्खी चळवळ एका फटक्यात हाती लागली असती. सगळ्यांची मिळून एक राष्ट्रीय प्रतिकार समिती बनली आणि ठराव झाला : आमचे नेते द गॉल. त्याला वजन होतं, कारण अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा कल द गॉल यांचे प्रतिस्पर्धी जनरल जिरो यांच्याकडे होता. आता द गॉलमागे देशातली माणसं उभी आहेत, हे कागदावर आलं.

खोलीत एकही बाई नव्हती. ‘काँबा’ ही मोठी संघटना उभी करण्यात बेर्ती आल्ब्रेश्त यांचा वाटा मोठा; बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, त्या माकाँ गावात पकडल्या गेल्या. ३१ मे रोजी तुरुंगातच त्यांचा अंत झाला.

जूनच्या मध्यावर, १६-१७ च्या रात्री, एका छोट्या ब्रिटिश विमानातून नूर इनायत खान फ्रान्समध्ये उतरल्या. वडील बडोद्याचे, पणजोबा मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारातले नामांकित गवई. ब्रिटनने व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेल्या त्या पहिल्या महिला वायरलेस ऑपरेटर. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांना गोळी घातली.

आणि मुलँ? २१ जूनला लियोंजवळ कालुइर इथे, एका डॉक्टरच्या घरी, ते सापडले. लियोंमधल्या गेस्टापोचा प्रमुख क्लाऊस बार्बी याने छळ छळ छळलं. ८ जुलै रोजी, जर्मनीकडे नेताना, ते गेले. तोंड उघडलं नाही.

समिती मात्र टिकली. १५ मार्च १९४४ रोजी तिने स्वातंत्र्यानंतरच्या फ्रान्सचा आराखडा एकमताने मंजूर केला : सामाजिक सुरक्षा, म्हातारपणी पेन्शन, मोठ्या बँका आणि वीज देशाच्या मालकीची. आजच्या फ्रेंच माणसाच्या दवाखान्याच्या बिलापर्यंत ती बैठक येऊन पोचते ती अशी. बायकांच्या मताधिकाराचा या आराखड्यात साधा उल्लेखही नव्हता. तो एप्रिलमध्ये अल्जीर्सहून, द गॉल यांच्या तिथल्या हंगामी कारभाराकडून आला.

(दृश्य : शाळेचं पटांगण. ध्वज.)

२७ मे हा राष्ट्रीय प्रतिकार दिन ठरवणारा कायदा झाला तो थेट २०१३ मध्ये. इतका उशीर का, याचं पटणारं उत्तर मला कुठे मिळालं नाही. रोबेर शांबेराँ हे त्या खोलीतले शेवटचे हयात साक्षीदार. त्यांनी पहिला प्रतिकार दिन पाहिला आणि २०१४ संपता संपता, ९९ व्या वर्षी, ते वारले. या दिवशी सुट्टी नसते. शाळा भरतात आणि त्या काळाचा धडा मुलांना तिथेच मिळतो.

२०१५ च्या २७ मे रोजी चार प्रतिकारवीरांना पाँतेआँमध्ये, राष्ट्राच्या स्मृतिमंदिरात, स्थान दिलं गेलं. त्यांतल्या दोघी स्त्रिया : जर्मेन तियों आणि जनव्हिएव्ह द गॉल-आँतोनिओझ. दोघीही राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेल्या. मुलँ यांना तिथे जागा मिळाली १९६४ मध्ये. या लढ्यातल्या एखाद्या स्त्रीला मिळायला आणखी पन्नास वर्षं लागली.