जपानी फाइन आणि मराठीतला ष

मंडळी, बोलायला लागण्याआधी हे दोन कागद घ्या आणि मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. दोन्हींवर मी ‘राष्ट्र’ हा एकच शब्द लिहिलाय, शाळेच्या वहीतल्या दोन रेघांच्या मध्ये. पहिला जर्मन फाउंटन पेनाच्या मीडियम, म्हणजे मध्यम जाडीच्या निबेनं. त्यातल्या षचं पोट बघा, शाईनं बुजलंय. आतली तिरकी रेघ कुठे सुरू झाली नि कुठे संपली, पत्ता नाही. दुसरा जपानी फाइन, म्हणजे बारीक निबेनं. तिथे पोट मोकळं आहे, आणि टच्या खालचा र दोन पायांवर नीट उभा आहे. माझं बरंचसं म्हणणं या दोन कागदांत आलं, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर थोडं बोलतो.

जपानी फाइन म्हणजे साधारण युरोपातली एक्स्ट्रा फाइन. डब्यावर एफ, म्हणजे फाइन, लिहिलंय म्हणून दोन्हीकडचा एफ सारखा नसतो, आणि नवीन पेन घेणारे बहुतेक इथेच फसतात. कारण लिपीत आहे. जपानी लिपीतल्या कांजी चिन्हांमध्ये ‘उत्सु’ म्हणजे उदासी या अर्थाचं एक अक्षर आहे, त्याला २९ रेघा लागतात. तेवढ्या रेघा वहीच्या एका चौकटीत बसवायच्या, तर जाड निब काय कामाची? सेलर १९११ची, पायलट १९१८ची, प्लॅटिनम १९१९ची; या तिन्ही जपानी पेन कंपन्यांच्या निबा याच गरजेतून बारीक घडत गेल्या.

आपलं दुखणं तेच, जरा सौम्य. मी तीस वर्षं मुद्रितं तपासली. समासात, दोन बोटांच्या जागेत, रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतील असं लिहायचं. धची गाठ भरली की जुळारी, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणारा, घ लावायचा, आणि पुढच्या प्रुफात मी पुन्हा डोकं धरायचो. म्हणून मराठीत रोज लिहिणाऱ्याला मी सांगतो, जपानी फाइन घ्या. अक्षर मोठं असेल तर मीडियम. एक्स्ट्रा फाइनच्या वाटेला पहिल्याच पेनात जाऊ नका. आपल्या खरबरीत कागदाचे तंतू तिच्या टोकात अडकतात आणि पेन खरखरतं.

सोनं की पोलाद, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. अहो, कागदाला लागतं ते टोक सोन्याचं नसतंच. तो कठीण मिश्रधातूचा बारीक मणी असतो, निबेला जोडलेला. सोन्यामुळे निबेला थोडी लवचीकता येते, आणि किंमत येते. खात्री करायची तर प्लॅटिनमचं प्रेपी घ्या, पोलादी निबेचं, स्वस्तातलं. त्यावर ०२, ०३, ०५ असे निबेच्या जाडीचे आकडेच छापलेले असतात. दोन महिने ०३नं लिहा. हात रमला तर मग सोन्याकडे वळा.

वळल्यावर मात्र गंमत आहे. पायलटचं कस्टम ७४३ घ्या. यातले ७४ म्हणजे कंपनीचं ७४वं वर्ष, आणि शेवटचा ३ म्हणजे तीस हजार येन. किंमत केव्हाच पुढे गेली, आकडा तिथेच राहिला! या एका पेनाला १५ प्रकारच्या निबा मिळतात. त्यातली एफए नावाची निब व्हिडिओत फार देखणी दिसते, बाजूनं कापलेली, दाबली की रेघ फुगते. तिच्यावर भाळू नका, भरभर लिहिताना ती शाईला मुकते. माझी लाडकी पोस्टिंग, म्हणजे पीओ. तिचं टोक खाली वाकवलेलं असतं, त्यामुळे दाब दिला तरी दोन पाकळ्या फाकत नाहीत, रेघ बारीकच राहते. बॉलपेननं ज्यांचा हात जड झालाय, म्हणजे आपण सगळेच, त्यांनी हिचा विचार करावा.

आता शाई. लोक आधी रंग ठरवतात आणि मग निब, तिथे गणित उलटं होतं. पायलटची इरोशिझुकु ही शाई २००७मध्ये आली. नावं ऐका: त्सुकियो, चांदण्याची रात्र, ताकेसुमी, बांबूचा कोळसा. फोटोत एकाच अक्षरात गडद-फिकट छटा दिसतात, पण त्या जाड निबेनं काढलेल्या असतात. बारीक निबेतून शाई इतकी कमी उतरते की छटा दिसत नाहीत आणि फिका रंग वाचवतच नाही. त्यामुळे बारीक निबेला गडद आणि सहज वाहणारी शाई द्या. त्सुकियो उत्तम. मात्र पाण्याचा थेंब पडला की ती पसरते. पाकिटावर पत्ता लिहायला नको. टिकाऊ हवी तर प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आहे, जुन्या पद्धतीची, लोहाची. लिहिताना निळी, हवा लागली की काळपट होत जाते.

आणि आपली कॅमल? बिनधास्त भरा. शाळेत ज्या शाईनं आपली बोटं निळी झाली, ती कंपनी आज कोकुयो कॅम्लिन आहे. जपानच्या कोकुयोनं २०११मध्ये तिच्यात मोठा हिस्सा घ्यायचं ठरवलं. जपानी पेनात कॅमल शाई म्हणजे घरचंच कार्य.

फक्त चित्रकलेची काळी शाई भरू नका. मी भरली. चकचकीत काळी रेघ बघून आठवडाभर हरखलो होतो, मग गावी गेलो आणि पेन ड्रॉवरमध्ये विसरलो. परतलो तर निबेखालच्या कंगव्यासारख्या पट्टीत, आमच्या वर्गात तिला जीभ म्हणायचे, लाखेसारखं काहीतरी बसलं होतं. फाउंटन पेनासाठीच केलेल्या रंगद्रव्याच्या शाया असतात, सेलरची किवागुरो, प्लॅटिनमची कार्बन; त्या चालतात, पण त्यांनाही रोज लिहितं ठेवावं लागतं.

कागद आले का परत? बरं. टेबलावर सहा पेनं भरून ठेवलीत, लिहून बघा. हात हलका ठेवा. कडेचं ते काळं पेन ग्लासात उभं आहे ते असू द्या, त्यातून अजून काळं पाणी येतंय.