१७५ मोठा की १६५?

[हातखंबा तिठा, मे अखेर. दुकानाबाहेर रचलेले जुने टायर.]

मुंबई-गोवा महामार्गावरचा हातखंबा तिठा. एक फाटा रत्नागिरी शहराकडे जातो. महामार्गाने पुढे गेलं की पाली, आणि तिथून साखरप्यावरून आंबा घाट. मे सरत आला की इथल्या टायरच्या दुकानांपुढे गाड्या लागतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ‘बघू नंतर’ म्हणून चालवलेल्या टायरांना आता नंतर उरत नाही.

ही पांढरी स्विफ्ट. गाडी मुंबईच्या मामाची, चालवणारा भाचा गावातला. पुढच्या टायरच्या खाचांत, तळाशी ही आडवी उंचवटी बघा. खाच १.६ मिलिमीटर उरली की नक्षी या खुणेच्या पातळीला येते. इथे ती केव्हाच आली आहे. पुढचे दोन्ही टायर बदलायचे, यात वाद नाही. वाद आहे तो कुठले घालायचे याचा.

[भिंतीला टेकवलेले वापरलेले टायर. त्यांच्यावर हात फिरवणारा मुलगा.]

कोणाच्या तरी गाडीवरून उतरवलेले हे टायर, जेमतेम वापरलेले, स्वस्तात मिळणारे. बाजूवर छापलंय १७५/६५ आर १४. मुलाच्या गाडीवर आहेत १६५/८० आर १४.

“काका, एकशेपंचाहत्तर आहेत ना हे? मग मोठेच मिळतायत की आपल्याला!”

दुकानदार काका उत्तर देत नाहीत. स्विफ्टचा एक टायर आणि हा टायर शेजारी शेजारी उभे करतात. वर एक पट्टी आडवी धरतात.

[पट्टी एका बाजूला कलते. कॅमेरा थांबतो.]

१७५चा टायर बुटका निघाला.

पहिला आकडा फक्त रुंदी सांगतो, एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्के आहे, रिमपासून जमिनीपर्यंतची टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के, ते. तिसरा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत बसवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाची दया आली नसावी.

गणित साधं आहे. १६५चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. वर एक भिंत, खाली एक, झाले २६४. १४ इंचांचे ३५५.६ मिलिमीटर मिळवले की टायरची पूर्ण उंची ६१९.६. आता दुसरा. १७५चे ६५ टक्के ११३.७५, दुप्पट २२७.५, रिम धरून ५८३.१. फरक साडेछत्तीस मिलिमीटर. चारही चाकांना हे घातले तर गाडी निम्म्याने, म्हणजे अठरा मिलिमीटर खाली बसणार.

[गावाकडची जांभ्याची वाट. मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो.]

अठरा मिलिमीटर म्हणजे काय, ते या वाटेवर कळतं.

टायर बुटका की एका फेरीत अंतर कमी कापलं जातं. मीटरला ते कळत नाही, तो फेऱ्या मोजतो. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेछप्पन्नच्या आसपास असेल, आणि न धावलेले किलोमीटर मीटरवर चढत राहतील. उंच टायर घातला की उलटं, काटा ६० वर आणि गाडी त्याहून पुढे. टायरवाले म्हणूनच उंचीत तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देत नाहीत. इथे तो जवळजवळ सहा टक्के आहे.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो, बहुतेकांची नजर त्यावरून घसरते. स्विफ्टच्या टायरवर ८५ टी. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलायचे, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. त्या वापरलेल्या टायरवर ८२ आहे, म्हणजे ४७५ किलो. गणपतीला मामा, मामी, मुलं, पिशव्या आणि परतीला नारळांचं पोतं एवढं या गाडीत बसतं, आणि डिकी दाबूनच लावावी लागते.

‘आर’ म्हणजे रेडियल. त्यासाठी सिंधुदुर्गात जाऊ.

[दोडामार्ग, पहाट. झाडाच्या सालीवर तिरपा घाव. वाटीत पडणारा पांढरा चीक.]

तिलारी परिसरातली ही रबराची बाग. दोडामार्ग तालुक्यात अशा बागा केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी लावल्या, आता स्थानिकांच्याही आहेत. घाव पहाटे घालतात, कारण गारव्यात चीक चांगला वाहतो. घाव सालीतच राहायला हवा, आतल्या लाकडाला लागला तर झाड दुखावतं. म्हणून हा हात इतका हलका चालतो. गोळा झालेल्या चिकात आम्ल घालून तो गोठवतात, रुळांतून दाबून चादरी काढतात, धुरावर वाळवतात. नुसतं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णतेने ते टिकाऊ होतं हे सापडलं. टायरात नैसर्गिक रबराबरोबर कृत्रिम रबर, काजळी, कापडी धागे आणि पोलादाच्या तारा असतात. पूर्वी हे धागे तिरपे, एकमेकांना छेदत जायचे. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि नक्षीखाली तारांचा पट्टा असतो. टायरची भिंत लवचिक राहते, नक्षी जमिनीवर सपाट बसते.

[पुन्हा हातखंबा. रुंद टायरांची, अलॉय (मिश्रधातूच्या) रिम लावलेली एक गाडी दुकानात शिरते.]

ही गाडी आमच्या समोर आली, आम्ही बोलावली नव्हती. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हा आवाज ऐका. आतल्या प्लास्टिकवर टायर घासून घासून चट्टा पडलाय. घाटातल्या प्रत्येक आवळ वळणावर हेच. गाडी भरदार दिसते, हे मान्य. पण रुंद टायरला रस्त्यावरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि वेगात ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. कोकणच्या पावसात अरुंद टायर पाणी कापत जातो.

माप अजिबात बदलायचंच नाही असं नाही. वरच्या मॉडेलला कंपनी स्वतः १८५/६५ आर १५ देते. त्याची उंची ६२१.५, फरक दोन मिलिमीटरही नाही. फक्त रिम पंधराची हवी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हा कागद चिकटवलेला असतो, मापं आणि हवेचा दाब त्यावरच आहेत. चुकीच्या मापाने ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा), विम्याचा दावा हे सगळं अडचणीत येऊ शकतं.

[जॅक. चार नट. चाक यंत्रावर.]

वॉल्वची पिन काढून हवा सोडतात. यंत्राचा जबडा टायरची कड रिमपासून सोडवतो. साबणाचं पाणी, पाना, आणि फिरता पाट एका फेरीत टायर बाहेर काढतो. आता रिम बघा. टायर जिथे टेकतो त्या कडेवर गंज आहे. खाऱ्या वाऱ्यात पोलादी रिमचं हे होतंच. ट्यूबलेस टायर याच कडेवर हवा धरून ठेवतो, म्हणून काका तारेच्या ब्रशने ती घासतात, बोटाने चाचपतात, पुन्हा घासतात. एवढा वेळ सगळे देत नाहीत. वॉल्व नवा. टायर चढतो, हवा भरते, आणि कड जागेवर बसल्याचा हा आवाज.

[फट्. मुलगा दचकतो.]

नव्या टायरवर चार आकडे, २२२४. म्हणजे २०२४ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरतं, रिमला दोन छोटी वजनं लागतात.

मुलाला नवे टायर पुढे हवेत, झिजले ते पुढचेच. काका मागचे बरे असलेले टायर पुढे आणतात आणि नवे मागे लावतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची सरकली तर गाडी गोल फिरते, आणि तेव्हा हातात फारसं काही राहत नाही.

स्टेपनी तपासून होते. ती १६५/८० आर १४च आहे. बिलावर माप, खाली आठवड्याचा आकडा. पैसे मुंबईहून मामाच्या फोनवरून येतात.