कचरा शेवटी कुणीतरी निवडतंच

ही काळी पिशवी दिसतीये ना, ती पुण्यातल्या कुठल्याही चार-पाच माणसांच्या घरातली असू शकते. गाठ सोडली की आत काय काय निघतं बघा. लसणाची टरफलं, चहाचा चोथा, कालची उरलेली आमटी, त्या आमटीत भिजलेला पेपर, दुधाची पिशवी, दाढीचं ब्लेड, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि तळाशी तसंच न गुंडाळता टाकलेलं सॅनिटरी पॅड. घरात प्रत्येकानं एखाद-दुसरीच वस्तू टाकलेली असते, प्रत्येकाला वाटतं माझ्या एवढ्याश्यानं काय होतंय. पण ही पिशवी आता कुणाला तरी उघडायचीये. हातानं.

कारण कचरा शेवटी निवडला जातोच. घरी निवडला तर ते काही सेकंदांचं काम आहे, वस्तू हातात असते, कोरडी असते, काय आहे ते माहिती असतं. घरी नाही निवडला तर तेच काम रस्त्याच्या कडेला एक मावशी करतात, आणि तेव्हा पेपरला आमटी लागलेली असते, ब्लेड कुठं आहे ते दिसत नाही, आणि जो पुठ्ठा किलोवर विकला गेला असता त्याचा लगदा झालेला असतो. म्हणजे आपला आळस त्यांच्या कमाईतून वजा होतो, सरळ.

या मावश्या कोण, हे पुणेकरांना तरी माहिती पाहिजे. 1993 साली पुण्यात कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव सुरुवातीपासून पाठीशी होते. नाव बघा किती थेट आहे, ज्यावर पोट भरतं त्याच वस्तू नावात. यातल्या बहुतेक बायका, त्यातही दलित समाजातल्या, ज्यांच्याकडे लोक चोर म्हणून बघायचे, त्यांना ओळखपत्र मिळालं, आपण काम करतो आणि ते शहराच्या उपयोगाचं आहे हे त्यांनी महापालिकेला मान्य करायला लावलं. पुढं 2008 मध्ये त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेसोबत करार करून घरोघरी कचरा गोळा करायला लागली. महिन्याला घरटी जे थोडे पैसे आपण देतो ते आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. म्हणून सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ देणं याला मी उपकार म्हणणार नाही, तो त्यांच्या मजुरीचा भाग आहे.

आता मिसळलेला कचरा जातो कुठं? बरीच वर्षं तो पुण्याच्या कडेच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या कचरा डेपोत गेला. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की हवा मिळत नाही, मग तो कुजताना मिथेन तयार होतो, त्यामुळे आगी लागतात, आणि खालून जे काळं पाणी झिरपतं ते जमिनीत उतरतं. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, लोकांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. आपल्या केळ्याच्या सालीचा वास त्यांनी का सहन करायचा हो?

तर घरात काय करायचं. 2016 सालच्या केंद्राच्या नियमांत घरच्या घरी तीन भाग करायला सांगितले होते, ओला, सुका आणि घातक; 2026 च्या नव्या नियमांत सॅनिटरी कचराही वेगळा धरून चार भाग झालेत. पॅड आणि डायपर पेपरमध्ये गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यात रुजवायचा प्रयत्न झाला, म्हणजे मावशींना न उघडता कळतं आत काय आहे. खरी अडचण डब्यांची नाहीचे. अडचण ही की सगळ्या घराचा कचरा एकटी आई निवडत बसते, बाकीचे सिंकपाशी ठेवून निघून जातात. असं चालत नाही. ज्यानं पिशवी फोडली त्यानं ती धुवायची, ज्यानं पार्सल मागवलं त्यानं खोक्याची टेप काढून खोका चपटा करायचा, मग तो बाबा असो नाहीतर आठवीतला मुलगा. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, नुसती चीर द्यायची, कारण तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही, गटारात जातो. हे लहान मुलांना एकदा सांगितलं की ती मोठ्यांना टोकतात, अनुभव घेऊन बघा.

ओल्या कचऱ्याचं खत हे घरातल्या आजी-आजोबांचं खातं करून टाका, त्यांना मनापासून आवडतं. भोकं असलेली बादली किंवा जुनी करंडी, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर बारीक केलेला भाजीपाला आणि दर वेळी वरून मूठभर सुकी पानं किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. सुरुवातीला थोडं जुनं खत किंवा आंबट ताक टाकलं की काम लवकर सुरू होतं. दोन-तीन दिवसांनी हलवायचं, आत हात नेला तर कोमट लागतं, तेव्हा समजायचं बरोबर चाललंय. वास आला म्हणजे ओलं जास्त झालंय आणि हवा कमी पडतीये, सुकी पानं घाला, हलवा, वास जातो. अळ्या दिसल्या तर घाबरून सगळं फेकून देऊ नका, त्या खाऊन खाऊन कचरा कमीच करतात. साधारण दीड-दोन महिन्यात काळं, भुसभुशीत खत मिळतं, कुंडीतल्या कढीपत्त्याला घाला आणि फरक बघा.

आणि मुळात घरात आलंच कमी, तर निवडायलाही कमी. आपल्याकडे हे नवीन नाहीये. जुन्या साड्यांच्या गोधड्या झाल्या, कपडे बोहारणीला देऊन भांडी आली, रद्दी महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याकडे गेली. आता तेवढं सगळं जमेल असं नाही, पण इडलीचं पीठ आणायला डबा नेणं जमतं, भाजीला कापडी पिशवी जमते, वाढदिवसाला थर्माकोलच्या प्लेट न आणता शेजारून स्टीलची ताटं मागून आणणं तर सहज जमतं, फक्त नंतर सगळ्यांनी मिळून घासायची.

एक गोष्ट मात्र या रविवारी नक्की करा. मावशी आल्या की मुलांना घेऊन खाली जा, त्यांना पाणी द्या, आणि विचारा की मावशी, यातलं काय विकलं जातं आणि काय नाही. हे भागाभागात, भंगारवाल्यागणिक बदलतं. पाण्याची बाटली, पुठ्ठा, पत्र्याचा डबा हे कुणीही घेतं, पण वेफर्सचं आतून चकचकीत पाकीट, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात, ते सहसा कुणी घेत नाही. मावशी जे सांगतील ते मुलांना कागदावर लिहू द्या, तो कागद फ्रिजवर लावा, आणि जे विकलं जात नाही त्या बाजूला ज्या वस्तू आल्यात त्या पुढच्या महिन्याच्या किराणा यादीतून एकेक करून काढायला लागा.