उन्हाच्या बाजूनं मुंबई

मंडळी, शनिवार-रविवार मुंबईला जायचं आणि ब्लॅक अँड व्हाइट रोलवर फोटो काढायचे, एवढाच आजचा विषय. जुने दिवस, रोलची मजा, दाणेदार पोत यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, ते मी त्यांच्यावर सोडतो. मला उन्हाबद्दल बोलायचंय.

सहलीचा बेत आपण ठिकाणांवरून आखतो. आधी गेटवे, मग म्युझियम, मग मरीन ड्राइव्ह. रंगीत फोटोत ते खपून जातं, कारण ऊन चुकलं तरी साडीचा लाल किंवा समुद्राचा निळा फोटो सावरून घेतो. रंग काढून घेतला, की कुठल्या भागावर उजेड पडलाय आणि कुठल्यावर नाही, एवढंच हातात राहतं. म्हणून बेत उन्हावरून आखायचा.

ओव्हल मैदानाचं उदाहरण घ्या. मैदानाच्या पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक काम. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही बाजू मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. आता सकाळी सूर्य कुठे? राजाबाईच्या मागे. त्या वेळी टॉवरचा फोटो काढलात, तर पांढऱ्या आभाळावर काळी आकृती येते, कोरीवकाम सगळं बुडतं. पण त्याच वेळी समोरच्या आर्ट डेको इमारतींच्या तोंडावर ऊन असतं. त्यांच्या गोल बाल्कन्या, खिडक्यांवरचे आडवे छज्जे, त्या छज्ज्यांच्या खाली पडलेल्या सावल्यांच्या पट्ट्या, सगळं स्वच्छ निघतं. संध्याकाळी चारनंतर हिशेब उलटा. म्हणजे सकाळी पश्चिमेकडे तोंड करा आणि संध्याकाळी पूर्वेकडे. मध्ये रविवारचं क्रिकेट चालू असतंच, एकमेकांत घुसलेल्या दहा-बारा मॅचेस. पांढऱ्या कपड्यांतला पोरगा आणि मागे सावलीतली झाडं, याला फिल्टरही, म्हणजे भिंगापुढची रंगीत काचही, लागत नाही.

फिल्टरचं मात्र नीट ऐका, कारण नवशिके तिथेच गोंधळतात. बेस्टची लाल बस हिरव्यागार झाडापुढून चाललीय. डोळ्याला केवढा फरक! फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगात येतात आणि बस झाडात विरघळते. भिंगावर नारिंगी फिल्टर लावला, तर लाल उजळतो, हिरवा दबतो आणि बस सुटी होते. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, मालाडच्या पिवळसर दगडाची. पिवळा फिल्टर लावा, दगड उजळतो आणि मागचं निळं आभाळ एक पायरी खाली उतरतं. तिथून दोन मिनिटांवरचं केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग निळ्या रंगाचं आहे. तोच फिल्टर ठेवलात, तर ते गडद होतं. म्हणजे दोन मिनिटांच्या अंतरात एकच काच एका इमारतीला उजळते आणि दुसरीला काळवंडते. पिवळा फिल्टर साधारण एक स्टॉप उजेड खातो, नारिंगी दोन, लाल तीन; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. लाल फिल्टर घरी ठेवा. आभाळ काळंकुट्ट करून नाटक करायला तो बरा, पण दर फोटोत नाटक बघवत नाही.

आपण पुणेकर डेक्कन क्वीननं जाणार. ती साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचवते आणि तोवर ऊन कडक झालेलं असतं. पावसाळ्यात एसी डब्यातून उतरल्यावर भिंगावर वाफ धरते, पाचदहा मिनिटं थांबा, रुमालानं घासू नका. मग दादाभाई नौरोजी रस्ता धरा. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारतींखालून कमानींची ओवरी जाते. दुपारी बारा ते तीन तिथेच राहा. बाहेर रस्त्यावर ऊन आपटत असतं, त्याचा उजेड आत येऊन माणसांच्या तोंडावर एका बाजूनं पडतो. पुस्तकवाले, घड्याळ दुरुस्तीवाले, चहावाले सगळे त्याच उजेडात बसलेले असतात. विचारून काढा, बहुतेक जण हो म्हणतात.

एक्स्पोजर सोपं आहे. चारशेची फिल्म घ्या, म्हणजे आयएसओ ४०० ची, एचपी५ किंवा ट्राय-एक्स; आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो. लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र एफ-१६, शटर १/५०० सेकंद. पिवळा फिल्टर असेल तर एफ-११. ओवरीत आलात की एफ-४, १/१२५ च्या आसपास. शंका आली तर जास्त उजेड द्या. निगेटिव्ह जास्त उजेड पचवते, कमी उजेडात सावल्या नुसत्या काचेसारख्या कोऱ्या निघतात, आणि जे टिपलंच नाही ते डेव्हलपरनं, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनानं, येत नाही.

मागून प्रश्न आला, रात्रीचं काय? रात्रीसाठी एचपी५ सोळाशेवर मोजता येते, म्हणजे ती सोळाशेची आहे असं धरून फोटो काढायचे आणि धुताना जास्त वेळ द्यायचा. पण मग अख्खा रोल सोळाशेचाच. निम्मा दुपारी चारशेवर आणि निम्मा रात्री सोळाशेवर, असं चालत नाही, कारण धुवायच्या टाकीत सगळा रोल एकाच वेळी धुतला जाणार. म्हणून दिवसाचे दोन रोल आणि रात्रीचा एक वेगळा, त्याच्या डबीवर लगेच पेनानं आकडा लिहायचा. शंभर-सव्वाशे फोटो झाले. कमी वाटतात का? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे रोलिफ्लेक्सनं स्वातंत्र्याच्या काळातला इतिहास टिपला. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो बसतात.

आता धुलाई. रोल घरीच धुवा. आयडी-११ या डेव्हलपरच्या तयार द्रावणात आणखी पाणी न मिसळता वापरला, तर एचपी५ ला वीस अंशांवर साडेसात मिनिटं, सोळाशेच्या रोलला चौदा. अडचण वीस अंशांची आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या नळाचं पाणी अठ्ठावीस-तीस अंशांवर असतं, त्यात वेळ पाच मिनिटांच्या खाली जाते आणि फिल्मवर पट्टे उमटतात. बादलीत बर्फाच्या बाटल्या टाका, त्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या करा, थर्मामीटर बघत बसा. फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, आणि धुवायचं पाणीही त्याच्या जवळपासच्या तापमानाचं हवं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बोअरिंगच्या पाण्याचे क्षारांचे डाग निगेटिव्हवरून जात नाहीत. वाळत घालताना पंखा बंद. बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफ धरू द्या, धूळ खाली बसते. पावसाळ्यात वाळायला रात्र लागते, आणि वाळलेल्या निगेटिव्हच्या डब्यात सिलिका जेल नसेल, तर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते.

बाकीचे प्रश्न चहाबरोबर घेऊ. टेबलावर टाकी आणि तिच्यात रोल गुंडाळून ठेवायचं रीळ ठेवलंय, शेजारी एक वाया गेलेला रोलही आहे. डोळे मिटून तो रिळावर चढवून बघा, दोनतीनदा अडकेल, मग हाताला सवय होते.