सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, पुढे काय?

मंडळी, पत्रिकेवर ‘जैविक महारेणू : रचना आणि कार्य’ असा भारदस्त विषय छापलाय. त्याच्याकडे येतोच. पण समोर आशाताई बसल्या आहेत, आरोग्य केंद्रातले तंत्रज्ञ आहेत, आणि आपल्या विदर्भात हा विषय घरात शिरतो तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पावलांनी. म्हणून आधी एक तक्रार.

शिबिरात सोल्युबिलिटी चाचणीसाठी बोटातून रक्त घेतात, नळी गढूळ होते, नोंदवहीत ‘पॉझिटिव्ह’ पडतं आणि संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा, ‘पोरीले सिकलसेल हाय.’ ठरलेली सोयरीक मोडते. काहून बाप्पा? त्या नळीनं एवढंच सांगितलं की या रक्तात एस, म्हणजे सिकलसेलचं बदललेलं हिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहणारं प्रथिन) आहे. वाहकाची, म्हणजे बिघडलेलं जनुक एकाच पालकाकडून आलेल्याची नळीही गढूळ, दोघांकडून आलेल्या रुग्णाचीही गढूळ. वाहक तर धडधाकट असतो, वावरात तुमच्याआमच्याइतकाच राबतो.

नळीत होतं काय? २ मिलिलिटर द्रावणात ०.०२ मिलिलिटर रक्त. सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, आणि दाट फॉस्फेट बफरमध्ये ऑक्सिजन गमावलेलं एस विरघळून राहत नाही. पाचेक मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, बुजल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आणि झटपट. चाचणीबद्दल माझं काही म्हणणं नाही, तिच्यावर निकाल लावणाऱ्यांबद्दल आहे.

आता बिघडतं कुठे ते ऐका. डायथायोनाइटला दमट हवा लागली की त्याचा जोर जातो, मग रुग्णाचीही नळी स्वच्छ दिसते. (हसू नका, डबीचं झाकण पहिल्याच शिबिरात हरवतं.) फ्रिजमधलं द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हिमोग्लोबिन सात ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर थेंबात एस पुरेसं येत नाही, रक्त दुप्पट घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळावर ही चाचणी करूच नका, त्याच्यात अजून एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. उलट रक्तात चरबी फार असली तर एस नसतानाही नळी गढूळते. आणि रक्त चढवलं असेल तर नळी रक्तदात्याबद्दलही बोलते, तेव्हा तीन महिने थांबा. प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीला गेलाच पाहिजे.

अध्यक्षसाहेब घड्याळ दाखवताहेत. बरं, छापलेला विषय आता धावतपळत.

डीएनएच्या दोन साखळ्या, ए समोर टी, जी समोर सी. त्यावरून आरएनए, आणि आरएनएच्या तीन-तीन अक्षरांमागे प्रथिनातलं एकेक अमिनो आम्ल. हिमोग्लोबिनमधली बीटा ग्लोबिनची साखळी १४६ आम्लांची. जनुकात जीएजीचं जीटीजी झालं की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ग्लुटामिकवर ऋणभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्याला टाळतं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि व्हॅलिन तीत घुसतं. असे रेणू जुळत कासऱ्यासारखा पिळाचा, चौदा पदरी धागा वळला जातो. शरीरात तोच पेशीला विळ्याचा आकार देतो, नळीत तोच रेघा बुजवतो. एफमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, ती या धाग्यात नीट बसत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध एफ वाढवतं, त्याचा गुण येतो तो मुख्यतः यामुळेच.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये रक्ताला विजेच्या क्षेत्रात ठेवतात; ऋणभार कमी झाल्यानं ८.६ पीएचला एस धन टोकाकडे नेहमीच्या ए हिमोग्लोबिनपेक्षा सावकाश सरकतं. वाहकाचे दोन पट्टे, रुग्णाला ए चा पट्टाच नाही. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रातला हा फरक १९४९ मध्ये दाखवला. नेमकं बदललेलं आम्ल शास्त्रज्ञ इनग्रम यांनी १९५७ मध्ये पकडलं.

सोयरिकीचं पुन्हा सांगतो. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के. एक वाहक आणि दुसऱ्याचा एचपीएलसी अहवाल पूर्ण नॉर्मल, तर मूल फार तर वाहक होईल. तेव्हा नुसत्या पोरीचा नको, पोराचाही अहवाल काढा.

कापसातलं सेल्युलोज आणि ज्वारीतला स्टार्च, दोन्ही ग्लुकोजचेच असून एक नेसायला आणि एक खायला का, ते आज राहिलं. चहा आलाय.