३०७ बाहेर, एलएस३ आत

साखळी ताणली गेली बघा. क्रेनचा हात आधी जरा वाकला आणि आता गाडीचं नाक वर येतंय, कारण इंजिनाचं वजन गेलं की पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात. या जुन्या गाडीचं इंजिन काढून त्या जागी शेवरोलेचंच नवं एलएस३ बसवायचंय. बाहेर निघतंय ते शेवरोलेचं ३०७ व्ही८, म्हणजे आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन रांगा व्ही आकारात, ३०७ क्युबिक इंच म्हणजे आपल्या हिशोबात ५ लिटर, सगळं बिडाचं, वर दोन बॅरलचा कार्ब्युरेटर. गाडी शेवरोलेचीच, १९६९ ची कमॅरो. गॅरेज अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला.

जुन्या गाडीचं मूळ इंजिन काढलं म्हणून कुणी ओरडायला नको, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. १९६९ मॉडेलच्या २ लाख ४० हजारांच्या वर कमॅरो बनल्या. त्यात ॲल्युमिनियमचं ४२७ इंजिन असलेल्या झेडएल१ फक्त ६९. तसल्या गाडीत कुणी असं इंजिन बदलायला घेतलं तर सगळ्यात आधी मीच ओरडेन. पण ही तसली नाही. ही त्या काळी ऑफिसला, किराणा आणायला जायची गाडी, २०० हॉर्सपॉवर आणि पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, ज्यात गिअर किती, तर दोन. हो, दोनच. वरून मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, आतून सगळा निवांत कारभार.

आणि ते २०० सुद्धा खरे २०० नाहीत. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ग्रॉस आकडा छापायच्या, म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर ठेवायचं, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेंसर नाही, काही पट्टे काढलेले, आणि मग जो आकडा येईल तो जाहिरातीत. १९७२ पासून नेट आकडे, म्हणजे हे सगळं जोडलेलं असतानाचे, द्यायला लागले आणि तीच इंजिनं कागदावर एकदम अशक्त दिसायला लागली. आता खोक्यातून निघतंय ते एलएस३, ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर, आणि हे ४३० नेट आहेत. म्हणजे ताकद दुप्पट झाली असं म्हणणं पण कमीच आहे.

हे इंजिन पहिल्यांदा २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये, शेवरोलेच्या स्पोर्ट्स कारमध्ये, आलं. पण त्याचं घराणं १९५५ चं. त्या वर्षी शेवरोलेने २६५ क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक, म्हणजे आटोपशीर आकाराचं व्ही८, काढलं, मुख्य इंजिनिअर एड कोल यांच्या देखरेखीखाली, आणि शेजारच्या दोन सिलिंडरच्या मधल्या बिंदूंमधलं अंतर ठेवलं ४.४ इंच. १९९७ मध्ये एलएस घराण्यातलं पहिलं, एलएस१, आलं तेव्हा ब्लॉक नवा, हेड नवं, ऑइलचे रस्ते नवे, बिडाऐवजी ॲल्युमिनियम, पण ते ४.४ इंच तसंच ठेवलं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, तिथून वर व्हॉल्व्हपर्यंत ढकलणाऱ्या दांड्या म्हणजे पुशरॉड, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, हेही तसंच. जग चार व्हॉल्व्ह आणि डबल ओव्हरहेड कॅमकडे, म्हणजे वर हेडमध्येच दोन कॅमशाफ्टकडे, गेलं आणि ही मंडळी पुशरॉडला चिकटून बसली, लोकांनी हसून घेतलं. पण ओव्हरहेड कॅम नाही म्हणून इंजिन बुटकं आणि अरुंद राहिलं, आणि म्हणूनच ५० वर्षांपूर्वीच्या बॉनेटखाली ते मावतंय. वर हे जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा शंभर पौंडांच्या वर हलकं. वजन कमी झालं ते नेमकं पुढच्या चाकांवरचं, त्यामुळे गाडी वळणावर चक्क ऐकायला लागते.

आपल्याकडे जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकून लोकांनी ती किती वर्षं शेतात आणि घाटात पिदाडली, तेव्हा कुणी तिच्या अस्सलपणाची चौकशी केली नव्हती. असो.

आता हे बघा. इंजिन खाली येतंय, थांबलं, परत वर. काय अडलं? खालचं चेंबर, म्हणजे इंजिन ऑइलचं भांडं. या कमॅरोच्या पुढच्या भागाला बोल्टने लावलेली वेगळी चौकट, सबफ्रेम, असते, तिचा आडवा क्रॉसमेंबर इंजिनाच्या खालून जातो आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची जोडणी, लिंकेज, त्याच्या मागे असते. पिकअप ट्रकमधून काढलेलं इंजिन तसंच टाकाल तर त्याचं खोल चेंबर सरळ त्यावर टेकतं. म्हणून स्वॅपसाठी, म्हणजे अशा इंजिन बदलासाठी, वेगळं चेंबर मिळतं, पुढून उथळ आणि मागे खोल. माउंटला दोन अ‍ॅडाप्टर प्लेटा लागल्या की जुन्याच फ्रेम माउंटवर नवं इंजिन बसतं. एसीचा कॉम्प्रेसर खाली लावायला गेलं की सबफ्रेमला भिडतो, त्यामुळे तो वर घेतला. तिसऱ्यांदा खाली आलं तेव्हा बोल्ट हाताने फिरले, तो क्षण कॅमेऱ्यात आहे, आवाज मुद्दाम तसाच ठेवलाय.

गिअरबॉक्स ४एल६५-ई, चार गिअरची ऑटोमॅटिक, चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं तो. पॉवरग्लाइडपेक्षा लांब, म्हणून तिच्याखालचा क्रॉसमेंबर मागे सरकवला आणि प्रोपेलर शाफ्ट कापून, छोटा करून, बॅलन्स करून आणला.

पण खरं काम इंजिनाचं नाहीच, हे सगळे स्वॅप करणारे सांगतील. खरं काम पेट्रोलचं. जुन्या कार्ब्युरेटरला ५-६ पीएसआय दाब पुरायचा, तो इंजिनावरचा छोटा मेकॅनिकल पंप द्यायचा. एलएसच्या इंजेक्टरांना ५८ पीएसआय लागतो, म्हणजे जवळपास दहापट. जुनी रबरी नळी तिथे ठेवलीत तर गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा. त्यामुळे टाकीच बदलली, आत इलेक्ट्रिक पंप, आणि पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवायला कप्पा, नाहीतर टाकी पाव भरलेली असताना जोरात वळलं की पेट्रोल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. टाकीपासून पुढपर्यंत नवी लाइन. मागचा फिल्टर दिसतोय ना, तो कॉर्व्हेटचा, त्यातच दाब ठराविक ठेवणारा रेग्युलेटर आहे, जास्तीचं पेट्रोल तिथूनच टाकीत परत जातं, पुढपर्यंत दुसरी नळी ओढायची गरजच नाही. मला विचाराल तर अख्ख्या गाडीतली सगळ्यात हुशार वस्तू ती.

मग वायरिंग. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा डेल्को, गेला, प्रत्येक सिलिंडरला आपली कॉइल. ॲक्सिलरेटरची केबल गेली, पेडलखाली सेन्सर. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर. डॅशबोर्ड मात्र १९६९ चाच ठेवायचा होता, आणि तो स्पीडोमीटर केबलवर फिरणारा, तर नवा गिअरबॉक्स वेग सांगतो विजेच्या सिग्नलने, त्यामुळे मध्ये एक डबी आहे, सिग्नल घेते आणि छोट्या मोटरने केबल फिरवते. नवीन इंजिन जुन्या काट्याशी अशा भाषेत बोलतंय, मला जाम आवडलं हे.

स्टार्टच्या आधी ऑइल फिरवायचं. जुन्या स्मॉल ब्लॉकला हे सोपं होतं, डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्या भोकातून ड्रिलला दांडा लावून ऑइल पंप फिरवायचा. एलएसचा पंप क्रँकवरच बसतो, ड्रिल घालायला जागाच नाही. म्हणून स्पार्क प्लग काढलेले, पेट्रोल बंद, नुसता स्टार्टर फिरतोय, काट्याकडे बघा... आला दाब.

आणि आता ऐका.

(इथे निवेदन नाही. इंजिनाचा आवाज पूर्ण जाऊ द्या.)

गुरगुर तीच आहे, कारण क्रँक तोच क्रॉसप्लेन, समोरून पाहिलं तर अधिकच्या चिन्हासारखा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तेवढी बदललीय, जुनी १-८-४-३-६-५-७-२, नवी १-८-७-२-६-५-४-३, कान तयार असलेले म्हणतात त्यांना फरक कळतो.

हा वुडवर्ड ॲव्हेन्यू, डेट्रॉइटमधून उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता. साठच्या दशकात पोरं इथे एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत रेस लावायची आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर पण त्यात असायचे. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ भरते, जुन्या गाड्यांची अख्खी रांग. या भागात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारे आपले मराठी इंजिनिअर पण भरपूर, फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेल्यांत कानावर मराठी पडलं तर दचकू नका.

गाडीची मूळ किंमत उतरते का? जुन्या गाड्या जमवणाऱ्यांच्या दृष्टीने हो, जुनं ३०७ नंबरासकट स्टँडवर ठेवलंय, पेट्रोल प्रीमियम लागतं, खर्च बराच झाला. पुढे चला.

आय-७५ हायवे. ताशी ७० मैल. मागचा एक्सल ३.०८ चा, शाफ्टचे ३.०८ फेरे तेव्हा चाकाचा एक, म्हणजे जुन्या दोन-गिअर पॉवरग्लाइडवर इथे इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत असतं, आता काटा २,००० च्या खाली. काचा वर, बोलणं ऐकू येतंय. फक्त तो मागचा १०-बोल्टचा एक्सल अजून कारखान्यातलाच आहे, २०० हॉर्सपॉवरच्या हिशोबाचा, तो हे फार दिवस सोसणार नाही. जास्त मजबूत १२-बोल्टचा ऑर्डर केलाय, तोवर सिग्नल हिरवा झाला की पाय जपूनच दाबायचा.